धडा आणि धंदा: नववीच्या वर्गाला गावातल्या कामाशी जोडायचं कसं

पायथागोरसची ओळख सातवीत होते, सिद्धता दहावीत येते. त्याच सुमारास शाळेमागच्या प्लॉटवर गवंडी आखणी करत असतो. एका दोरीवर ३ फूट, दुसऱ्या दोरीवर ४ फूट, आणि तिरकं माप ५ फूट भरलं की कोपरा काटकोनात. प्रमेय दोघांकडेही आहे. पण मुलांनी कधी दोरी धरलेली नसते, आणि गवंड्याला कुणी सांगितलेलं नसतं की आपण रोज करतो ते भूमितीच्या पुस्तकात आहे.

माध्यमिक शाळेत ही गाठ पहिल्यांदाच घालून देऊ पाहणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. उदाहरणं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातली आहेत. शाळा गावातली असो वा शहरातली, पद्धत तीच. फक्त दूध संकलन केंद्राच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. पाहुणा बोलावून करिअर मार्गदर्शनाचं व्याख्यान ठेवलं म्हणजे हे काम झालं, असं होत नाही. मुलं टाळ्या वाजवतात, 'मेहनत करा' एवढं वहीत लिहितात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मुलाच्या हातात एक खरं माप, एक खरा भाव आणि स्वतःची एक खरी चूक यावी लागते. तेवढं आलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. म्हणून सुरुवात कामापासून करा, 'तुला काय व्हायचंय' या प्रश्नापासून नको.

किती वेळ, कोणता वर्ग, कोणता महिना

पहिल्या वर्षी एक वर्ग, एक धंदा आणि सहा आठवडे, एवढंच घ्या. वर्ग नववीचा असावा. दहावीला डिसेंबरनंतर वेळ मिळत नाही, आणि आठवीतली बरीच मुलं १४ वर्षांच्या आतली असतात. ऑगस्टचा शेवट ते दिवाळीची सुट्टी हा काळ बरा पडतो. जून-जुलैत पावसामुळे बाहेरचं काम खोळंबतं. शिंपी निवडणार असाल, तर दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे त्यांच्या दुकानाकडे फिरकूही नका.

आठवड्याला दोन जोडतासिका लागतात, एक गणित किंवा विज्ञानाची आणि एक कार्यानुभवाची. मुख्याध्यापक तासिका द्यायला कचरत असतील, तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यांच्यापुढे ठेवा. त्यात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे असावेत आणि त्या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. नववीला तोच धागा पुढे नेता येतो. आपल्याकडे याला जुनी परंपराही आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम उभा राहिला, त्यात मुलं आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत हातानं काम करतात. पूर्ण दिवस देणं तुम्हाला आज जमणार नाही. दोन जोडतासिका जमतात.

पहिला आठवडा: एक किलोमीटरची पाहणी

चार-चार मुलांचे गट करा. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत काय काय काम चालतं, याची यादी प्रत्येक गटानं करायची. एसटी स्टँडचा रस्ता एका गटाला, बाजारपेठ दुसऱ्याला, मळ्याकडची वाट तिसऱ्याला. कागदावर पाच रकाने आखून द्या: कामाचं नाव, दिसलेली हत्यारं, कोणत्या मापात काम होतं, पैसे कशावर ठरतात, आणि काम करणाऱ्या व्यक्तीला शिकायला किती काळ लागला.

यात तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जिथे माप आहे तिथे गणित आहे. वाळूवाला ब्रासमध्ये बोलतो, इलेक्ट्रिशियन वॅट आणि अँपिअरमध्ये, दूध केंद्र फॅट आणि एसएनएफमध्ये (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), फॅब्रिकेशनवाला किलोत आणि रनिंग फुटात. मुलांनी 'ब्रास म्हणजे काय?' हा प्रश्न घेऊन यावं, उत्तर तुम्ही आधी सांगू नका. त्यांना समजेल की वाळू-खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण रंग आणि प्लास्टरच्या कामात तोच ब्रास १०० चौरस फूट होतो. घनफळ आणि क्षेत्रफळ यांतला फरक फळ्यावर तासभर शिकवून जेवढा ठसत नाही, तेवढा एकाच शब्दाच्या या दोन अर्थांनी ठसतो.

पाहणीत हमखास होणारी चूक म्हणजे मुलं फक्त दुकानं मोजतात. घरात पापड लाटणाऱ्या मावशी, विहिरीची मोटर दुरुस्त करणारे, ट्रॅक्टर भाड्यानं देणारे, आशाताई, पोस्टमन हे यादीत येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी यादी फळ्यावर लिहून विचारा, 'पाटी नसलेली कामं कोणती राहिली?' यादी सहज दुप्पट होते.

दुसरा आठवडा: एक प्रकरण, एक काम

यादीतून एकच काम निवडा. कसोट्या तीन. त्या कामात मोजण्यासारखं काही असावं. चालू वर्षाच्या पुस्तकातलं एखादं प्रकरण त्याला थेट भिडावं. आणि काम करणारी व्यक्ती बोलायला तयार असावी. तिसरी कसोटी पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आहे.

जोड्या लावताना ओढूनताणून लावू नका. 'केशकर्तनालय आणि भूमिती' अशी जोडी कागदावर गंमतशीर दिसते, पण तिच्यात दहा मिनिटांच्या पलीकडे काही नसतं. बांधकामाला महत्त्वमापन, पायथागोरस, आणि गुणोत्तर व प्रमाण. वीजकामाला नववीचं धाराविद्युत. दूध केंद्राला दोन चलांतील रेषीय समीकरणं. किराणा दुकानाला अर्थनियोजन आणि जीएसटी. या जोड्या पक्क्या आहेत, कारण त्या माणसाला ते गणित रोज करावंच लागतं.

एक धोका इथेच सांगायला हवा. सुताराच्या मुलाला सुतारकाम आणि मावशींच्या मुलीला स्वयंपाक, अशी वाटणी कधीही करू नका. मुलाला बापाच्या धंद्यात परत ढकलणं हा या उपक्रमाचा सगळ्यात वाईट शेवट असेल. गट हजेरी क्रमांकानं पाडा. हत्यार कुणी धरायचं, नोंद कुणी करायची, माप कुणी वाचायचं हे दर वेळी फिरतं ठेवा. तसं ठरवलं नाही, तर टेप मुलगे धरतात आणि वही मुलींच्या हातात जाते. हे प्रत्येक शाळेत होतं, म्हणून फिरती पाळी कागदावर लिहून भिंतीला लावा.

कारागिराला विचारायचं कसं

पहिल्यांदा शिक्षकानं एकट्यानं जावं, तेही गिऱ्हाईक नसताना. गॅरेजवाले सकाळी दुकान उघडताना बोलतात, गवंडी दुपारच्या जेवणानंतर, दूध केंद्रवाले संकलन संपल्यावर. आठवडी बाजाराच्या दिवशी कुणालाच भेटू नका.

'आमच्या मुलांना मार्गदर्शन करा' असं म्हटलं की माणूस दचकतो आणि 'आम्ही काय सांगणार गुरुजी, आमचं शिक्षण नाही' म्हणतो. त्याऐवजी नेमकं मागा: 'मिस्त्री, तुमचं काम चालू असताना वीस मुलं चाळीस मिनिटं बघतील. तुम्ही काम थांबवू नका. शेवटी पाच प्रश्न विचारतील.' याला बहुतेकजण हो म्हणतात. शाळेत बोलावून खुर्चीवर बसवलं की तोच माणूस गप्प होतो. हातात थापी असताना तो भरभरून बोलतो.

अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. ते नको म्हणतील, तरी शाळा व्यवस्थापन समितीत आधी ठराव करून ती रक्कम बाजूला ठेवा. त्यांच्या वेळेला किंमत आहे, हे मुलांनीही पाहिलं पाहिजे. पैसे पाकिटात घालून मुलांच्या समोर, मुख्याध्यापकांच्या हातून द्या.

परवानगी आणि सुरक्षितता

पालकांची लेखी संमती घ्या आणि मुख्याध्यापकांचं पत्र सोबत ठेवा. २० मुलांमागे दोन मोठी माणसं आणि प्रथमोपचाराची पेटी लागते. कायद्याची बाजूही समजून घ्या. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. म्हणून मुलं भेटीला जातात ती बघायला, मोजायला आणि विचारायला. मालकाचा माल तयार करायला नव्हे. प्रत्यक्ष हातकाम शाळेच्या आवारात, शाळेसाठी करायचं.

वेल्डिंग चालू असेल तर काळ्या काचेशिवाय एकही मूल तिकडे बघणार नाही याची खात्री करा. दुरून पाहिलं तरी डोळे चुरचुरतात, आणि त्रास रात्री सुरू होतो. वीजकामात २३० व्होल्टच्या जोडणीला मुलांचा हात लागता कामा नये. शाळेतले सगळे प्रयोग बॅटरीवर, १२ व्होल्टच्या आत.

तिसरा आठवडा: भेट

पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. फक्त बघायचं आणि हाताच्या हालचाली लिहायच्या. हे मुलांना जड जातं, पण याच दहा मिनिटांत 'त्यांनी वीट लावण्याआधी पाण्यात का बुडवली?' असे प्रश्न जन्माला येतात. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो, हे उत्तर मग मिस्त्रीच देतात.

प्रश्न आधी वर्गात घासून घ्या. 'तुम्हाला हे काम आवडतं का?' या प्रश्नाला 'हो' याच्या पलीकडे उत्तर येत नाही. हे विचारा: माप चुकलं तर काय होतं आणि ते पैसे कुणाच्या खिशातून जातात? गिऱ्हाइकाला दर सांगताना आधी काय धरता? दहा गोणी मालात वाया किती जातो? स्वतः न करता दुसऱ्याकडे पाठवता असं काम कोणतं? पहिल्यांदा एकट्यानं केलेलं काम कोणतं, आणि तेव्हा वय काय होतं?

प्रत्येक गटानं एक वस्तू स्वतः मोजून यायची. विटेची लांबी-रुंदी-उंची, ओळंब्याच्या दोरीचं भिंतीपासूनचं अंतर वरच्या आणि खालच्या टोकाला, काहीही. आकडा घेऊन परतलेला गट वर्गात बोलतो, नुसतं पाहून आलेला गट गप्प बसतो.

चौथा आणि पाचवा आठवडा: शाळेतलं एक खरं काम

इथे घाई करू नका, सगळं शिकणं इथे घडतं. बांधकाम निवडलं असेल, तर हात धुण्याच्या नळाखाली कोबा (काँक्रीटचा थर) करणं हे पहिल्यांदा करायला उत्तम काम आहे. बहुतेक शाळांत तिथे चिखल असतो, त्यामुळे कामाची गरज मुलांना पटवून द्यावी लागत नाही. माप घ्या ४ फूट × ३ फूट, सरासरी जाडी ४ इंच. हे माप मुद्दाम निवडलं आहे, कर्ण बरोबर ५ फूट येतो.

आखणी दोरी आणि खुंट्यांनी मुलांनीच करावी. चारही बाजू मोजून झाल्या की मुलं म्हणतात, 'झालं.' मग दोन्ही कर्ण मोजायला लावा. पहिल्या प्रयत्नात एक कर्ण ५ फूट २ इंच आणि दुसरा ४ फूट १० इंचांच्या आसपास निघतो. बाजू सगळ्या बरोबर, तरी आयत नाही! समांतरभुज चौकोन आणि आयत यांतला फरक त्या क्षणी पायाखाली असतो. खुंट्या सरकवून दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत थांबा, मदत करू नका. मग मिस्त्रींचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, कोपऱ्याला लावून बघा.

पाणी वाहून जायला ४ फुटांत १ इंच उतार द्यायचा. म्हणजे एका टोकाला जाडी साडेचार इंच, दुसऱ्या टोकाला साडेतीन. बाजूनं पाहिलं तर समलंब चौकोन, आणि सरासरी ४ इंच. दोन टोकांची उंची जुळवायला पारदर्शक नळीत पाणी भरून वापरा. नळीत हवेचा एक जरी बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी खोटी दिसते, म्हणून नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते आधी बघा.

आता माल. घनफळ किती? निम्मा वर्ग ४ इंच म्हणजे ०.४ फूट लिहितो आणि उत्तर ४.८ घनफूट काढतो. ४ भागिले १२ म्हणजे एक तृतीयांश फूट, आणि १२ चौरस फूट × १/३ = ४ घनफूट. इंच-फुटांचा हा गोंधळ दशांश पद्धतीवर वाढलेल्या प्रत्येक मुलाचा होतो, त्याला रागावू नका. ०.४ धरलं असतं तर माल २० टक्के जास्त आला असता, एवढं त्यालाच काढायला सांगा.

मिश्रण १:२:४, म्हणजे सिमेंट एक भाग, वाळू दोन, खडी चार. एकूण सात भाग. मुलं ४ भागिले ७ करून सिमेंट ०.५७ घनफूट काढतात. गणित अचूक आहे आणि उत्तर चूक आहे. हे कसं, ते सांगू नका, दाखवा. १० लिटरची बादली खडीनं काठोकाठ भरा आणि तिच्यात मोजून पाणी ओता. ४ लिटर किंवा थोडं जास्तच पाणी मावतं! तेवढी पोकळी खडीच्या मध्ये होती. कालवताना त्या पोकळीत वाळू शिरते, वाळूच्या पोकळीत सिमेंट शिरतं, आणि कोरडा माल आक्रसतो. म्हणून ओल्या घनफळाला १.५४ नं गुणून कोरडा माल धरतात. ४ × १.५४ = ६.१६ घनफूट. त्याचे सात भाग केले की सिमेंट ०.८८, वाळू १.७६ आणि खडी ३.५२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून लिटरमध्ये हेच आकडे जवळजवळ २५, ५० आणि १०० होतात. कोरडा माल १७५ लिटर, आणि तयार कोबा सुमारे ११३ लिटर. वर्गातल्या कुणीतरी 'मग ६२ लिटर गेले कुठे?' असं विचारलं, तर हे प्रकरण मुलांना समजलं असं धरा.

५० किलोच्या गोणीत साधारण ३५ लिटर सिमेंट असतं. तेव्हा २५ लिटर म्हणजे ३६ किलोच्या आसपास, गोण एकच आणि १४ किलो उरतं. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मं, म्हणजे १८ लिटर. कालवायला सोपं जावं म्हणून मुलं आणखी ओतायला बघतात. जादा पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात, कोबा ठिसूळ होतो. घमेलं हे माप धरणार असाल, तर आधी लिटरच्या बाटलीनं ते मोजून घ्या. प्रत्येक घमेलं वेगळं असतं आणि 'काठोकाठ' म्हणजे किती, हेही प्रत्येकाचं वेगळं असतं.

सिमेंट आम्लारिधर्मी असतं, ओलं सिमेंट कातडी सोलवटतं. रबरी हातमोजे, पायात बूट आणि गोण फोडताना नाकाला रुमाल, हे सक्तीचं. गोण मोठ्या माणसानंच फोडावी. सिमेंटच्या पाण्यात लाल लिटमस बुडवून निळा झालेला दाखवला, तर विज्ञानाचाही धडा त्याच दिवशी होऊन जातो.

जमीन सहा इंच खणा, दोन इंच मुरूम टाकून धुमसानं ठोका, कडेनं फळ्या लावा. माल कालवणं आणि पसरणं मिस्त्रींच्या देखरेखीखाली. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. याची पाळी लावा आणि रविवार विसरू नका. सगळ्यात जास्त कोबे रविवारीच तडकतात, कारण त्या दिवशी शाळेत कुणी नसतं.

पैशाचा हिशेब

काम सुरू होण्याआधी गटांनी तीन दुकानांतून लेखी कोटेशन आणायचं. इथे मुलांना व्यवहारातली एक गोष्ट कळते: १.७६ घनफूट वाळू, म्हणजे ०.०१७६ ब्रास, कुणीच विकत देत नाही. पोत्यानं घ्यावी लागते, आणि पोत्याचा भाव ब्रासच्या भावापेक्षा बराच महाग पडतो. वाहतूक कुणी करायची हा प्रश्न भावाइतकाच मोठा ठरतो. पक्कं बिल मागा आणि त्यावरचा केंद्राचा व राज्याचा जीएसटी वेगवेगळा वाचून घ्या. दोन्ही रकमा सारख्या का, हे दहावीच्या अर्थनियोजनाच्या प्रकरणात आहेच.

शेवटी मिस्त्रींची मजुरी, बिगाऱ्याची मजुरी, माल, भाडं आणि वाया गेलेलं मिळवून प्रति चौरस फूट खर्च काढा. मग मिस्त्रींना विचारा, 'हेच काम तुम्ही बाहेर किती दरानं घेता?' त्यांचा दर जास्त असतो. तो का जास्त असतो, याची यादी मुलांनी करावी: हत्यारांची झीज, पावसाळ्यातले बिनकामाचे दिवस, उधारी, येण्या-जाण्याचं पेट्रोल. धंदा समजायला सुरुवात इथून होते.

बांधकाम जमणार नसेल तर

दूध संकलन केंद्र हा ग्रामीण शाळेसाठी फार चांगला पर्याय आहे. तिथे गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून सांगितला जातो. एक प्रचलित सूत्र असं: लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्याचा चौथा हिस्सा, अधिक फॅटची ०.२१ पट, अधिक ०.३६, बरोबर एसएनएफ. लॅक्टोमीटर २८ आणि फॅट ४ असेल तर ७ + ०.८४ + ०.३६ = ८.२. म्हणजे दोन चलांचं समीकरण. यातले स्थिरांक लॅक्टोमीटरच्या प्रकाराप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या केंद्रावर कोणतं सूत्र चालतं ते विचारूनच फळ्यावर लिहा. मग ९ लिटर दुधात १ लिटर पाणी घातलं असं समजून मुलांना आकडे काढायला सांगा. फॅट ३.६ आणि लॅक्टोमीटर २५.२ च्या जवळ उतरतो, एसएनएफ साडेसातच्याही खाली जातो. पाणी कसं पकडलं जातं हे मुलांनी कागदावरच पकडलं! शेजारी दरपत्रक ठेवलं की त्या एका लिटर पाण्यानं शेतकऱ्याचं किती नुकसान होतं, तेही निघतं.

विजेसाठी घरची बिलं आणायला सांगा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क या ओळी वाचून त्यांचा अर्थ लावणं हाच एक तास आहे. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला दुसरा असे टप्पे असतात. १५० युनिट जळाले की मुलं सगळ्याच १५० ना वरचा दर लावतात, तो फक्त शेवटच्या ५० ना लागतो. मग वर्गातले पंखे मोजा: ७५ वॅटचे चार पंखे सहा तास म्हणजे दिवसाला १.८ युनिट. २८ वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर ०.६७. शाळेचे २०० दिवस धरले तर सव्वादोनशेच्या आसपास युनिट वाचतात. नव्या पंख्याची किंमत किती वर्षांत वसूल होते, ते शाळेच्या बिलातल्या दरानं काढा आणि उत्तर थेट मुख्याध्यापकांपुढे मांडू द्या.

सहावा आठवडा: वही आणि पुढची वाट

कामाच्या वहीत चार रकाने पुरेत: अंदाज, प्रत्यक्ष, फरक, कारण. गुण 'कारण' या रकान्याला द्या. सुवाच्य अक्षराला आणि रंगीत मुखपृष्ठाला गुण दिले की मुलं अंदाजाचे आकडे मागाहून बदलून प्रत्यक्षाशी जुळवतात. फरक शून्य आलेली वही दिसली तर शंका घ्या. अंदाज शाईपेनानंच लिहायचा, असा नियम केला की बरंच थांबतं.

पुढच्या शिक्षणाचं बोलणं आता करा, काम हातावेगळं झाल्यावर. मुलांनीच दोन-दोन वाटांची तुलना करायची. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर म्हणजे दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे, आणि ती फार थोड्या पालकांना माहीत असते. इलेक्ट्रिशियनसाठी दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. 'गणित सोडून दिलं तरी आयटीआय आहेच' असं म्हणणाऱ्या मुलाला हे नववीतच कळलेलं बरं. शिकाऊ उमेदवारीबद्दलही सांगा. कारखान्यात काम शिकताना विद्यावेतन मिळतं, आणि त्यासाठी १९६१ चा कायदा आहे.

तुलनेत कालावधी, फी, प्रवेशाची अट यांच्याबरोबर घरापासूनचं अंतर आणि पहिली एसटी किती वाजता, हे रकानेही ठेवा. अनेक मुलींचा निर्णय शेवटी या दोन रकान्यांवर होतो आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. जवळच्या आयटीआयला एक भेट ठरवा. तिथे वर्गखोल्या बघण्यात वेळ घालवू नका, थेट कार्यशाळेत जा आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थ्यांशी मुलांना बोलू द्या.

अशा उपक्रमांचं खरं नुकसान शिक्षकाच्या बदलीनं होतं. सगळी ओळख एकाच्या डोक्यात असते आणि ती त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून सुरुवातीपासून शाळेच्या कपाटात एक रजिस्टर ठेवा. कोणत्या कारागिराला कोणत्या महिन्यात वेळ असतो, कोणती वेळ टाळायची, मागच्या वर्षी काय मोजलं, कोणता प्रश्न चालला, किती मजुरी दिली, कोणतं हत्यार शाळेनं विकत घेतलं आणि ते कुठे ठेवलंय. संपर्क क्रमांक त्या व्यक्तीला विचारूनच लिहा. जूनमध्ये नवीन शिक्षक रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात त्यांना हे रजिस्टर घेऊन मिस्त्रींच्या कामावर न्या आणि ओळख समोरासमोर करून द्या.